निबर कोण आणि सुन्न कोण?

रस्त्यावर कुणी तरी रक्ताच्या थारोळ्यात पडलेलं असतं, भोवती माणसांचं कोंडाळं असतं आणि त्यातल्या तिघा-चौघांच्या हातात मोबाइल असतो. ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचते आणि रात्री वाहिन्यांवर ठरलेला निकाल लागतो: समाज निबर झाला. आठ दिवसांनी दुसरी चित्रफीत येते. सरकारी रुग्णालयातली निवासी डॉक्टर नातेवाइकांना मृत्यूची बातमी दोन वाक्यांत सांगते आणि लगेच पुढच्या खाटेकडे वळते. निकाल तोच, शब्दही तेच. मग वादाला तोंड फुटतं. एक बाजू म्हणते, रात्रंदिवस पडद्यावर रक्त आणि प्रेतं पाहून मनं टणक झाली, तेव्हा हे दाखवणंच थांबवा. दुसरी म्हणते, जग असंच आहे, इथे कातडी थोडी जाड लागतेच, हळवेपणाने कुणाचं भलं झालंय? दोघंही तावातावाने भांडतात, पण रस्त्यावरचा बघ्या आणि वॉर्डातली डॉक्टर एकाच रोगाचे रुग्ण आहेत, याबद्दल दोघांचं एकमत असतं. माझा आक्षेप या एकमतालाच आहे. कामातून येणारा निबरपणा हा दोष नव्हे. पुष्कळदा तो कसबाचाच भाग असतो. भिण्यासारखी गोष्ट आहे ती सुन्नपणा. तो वेगळ्या कारणाने येतो आणि त्याचा इलाजही वेगळा आहे. दोन्हींना एकच नाव दिलं की शिव्या बसतात काम करणाऱ्याला, आणि सुन्नपणा ज्यातून येतो ती कारणं मोकळी सुटतात.

हा फरक रोमन लोकांना चांगला माहीत होता, कारण त्यांच्याकडे त्यासाठी दोन वेगळी विशेषणं होती. पहिलं कल्लोसुस. त्याच्या मुळाशी कल्लुम हे नाम आहे. कल्लुम म्हणजे जाड, टणक झालेली कातडी: हाताला पडलेला घट्टा किंवा रानडुकराचं जाड चामडं. त्याला ‘भरलेला’ या अर्थाचा प्रत्यय लागून कल्लोसुस झालं. पुढे हेच विशेषण इंग्रजीत गेलं आणि तिथे त्याचा अर्थ हळूहळू निर्दय, बेपर्वा असा आक्रसला. आपल्या चर्चांमध्ये तो आक्रसलेला अर्थच वावरतो. रोमन कानाला मात्र त्या शब्दकुळात आणखीही काही ऐकू येत असे. कल्लेरे या क्रियापदाचा एक अर्थ कातडी टणक असणं, आणि दुसरा, अधिक रुळलेला अर्थ एखादी गोष्ट पक्की ठाऊक असणं, तीत तरबेज असणं. प्लाउटसच्या विनोदी नाटकातलं एक पात्र फुशारकी मारतं, की रानडुकराच्या चामड्याहून मी जास्त ‘कल्लेरे’ करतो, म्हणजे जास्त निबरही आहे आणि जास्त जाणतोही. प्रेक्षक हसले असतील ते दोन्ही अर्थ एकदम कानावर पडल्यामुळे. याच कुळातलं कल्लिदुस हे विशेषण तर सरळ ‘मुरलेला, चाणाक्ष’ या अर्थाने चालत असे. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो त्याची फोड करतो, की कामाने जसा हात टणक होतो तसं वापराने ज्याचं मन टणक झालं, तो कल्लिदुस. घट्टा पडलेलं मन म्हणजे जाणतं मन. इतकी मोठी गोष्ट इतक्या सहज सांगून तो पुढे जातो, यावरूनच रोमन वाचकाला तीत विचित्र काही वाटत नसणार हे कळतं.

आपल्या परंपरेलाही हे अनोळखी नाही. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात तपस्वी दुष्यंताला आश्रमात बोलावतो तेव्हा राजाच्या बाहूचं एकच वैशिष्ट्य सांगितलं जातं: मौर्वीकिणाङ्क, धनुष्याच्या दोरीने पडलेल्या घट्ट्याची खूण असलेला हात. त्या हाताने किती राखलं जातं, हे आश्रमातली निर्विघ्न कर्मं पाहून तुला कळेल, असा त्याचा भाव. तिथे घट्टा हा राखणदारीचा पुरावा आहे. मराठीतही हाताला घट्टे पडले म्हणताना आपला स्वर आदराचा असतो. मग मनाला घट्टे पडले म्हटलं की तोच स्वर धिक्काराचा का होतो?

सिसेरोनेच या प्रश्नाला हात घातला आहे. इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सेनेने ग्रीसमधलं कोरिंथ शहर जाळून जमीनदोस्त केलं. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर तरुण सिसेरो त्या बाजूला गेला. पुढे इ. स. पू. ४५ मध्ये, मुलगी तुलिया गेल्यानंतरच्या दुःखात लिहिलेल्या ग्रंथात त्याला तो प्रवास आठवतो. पेलोपोनीजमध्ये त्याला काही कोरिंथवासी भेटले होते. त्यांच्या चेहऱ्यावर, बोलण्यात, उठण्याबसण्यात शोकाची खूण नव्हती. शेजारच्या आर्गोसचे किंवा सिक्योनचे म्हणून खपले असते. ते भग्न शहर एकदम समोर आलं तेव्हा कोरिंथच्या माणसांपेक्षा मीच जास्त हललो, असं तो लिहितो, आणि कारण देतो: सततच्या विचाराने त्यांच्या मनावर काळाचा घट्टा धरला होता. हा उतारा मला फार महत्त्वाचा वाटतो. डोळे भरून आले ते पाहुण्याचे. ज्यांचं शहर गेलं ते शांत होते. आता यात अधिक माणुसकी कुणाकडे होती? वाटसरूचं मन हललं म्हणून तो कोरिंथकरांपेक्षा मोठा ठरत नाही, आणि ते रडले नाहीत म्हणून त्यांचं दुःख खोटं ठरत नाही. दुष्काळी गावात कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाचा आवाज कापतो आणि घरची बाई त्याला शांतपणे पाणी देते, तेव्हा आपण तिच्या शांतपणाचा काय अर्थ लावतो? रोज तेच सोसणाऱ्याला रोज नव्याने हादरणं परवडत नाही.

दुसरं विशेषण तोर्पिदुस. ते तोर्पेरे या क्रियापदावरून आलं: ताठरणं, बधिर होणं, हलता न येणं. यावरूनच रोमन लोकांनी एका माशाला तोर्पेदो हे नाव दिलं. अंगात वीज असलेला हा चपटा मासा हाताला लागला की हात लाकडासारखा होतो. (पाणतीराला इंग्रजीत जे नाव आहे ते या माशाचंच.) क्लॉडियस बादशहाच्या काळातला वैद्य स्क्रिबोनियस लार्गुस याने इ. स. ४७ च्या सुमारास लिहिलेल्या औषधयोगांत या माशाचा उपयोग दिला आहे. संधिवाताने, म्हणजे आपण ज्याला गाउट म्हणतो त्याने, पाय ठणकू लागला की रोग्याने समुद्राच्या ओल्या वाळूत उभं राहावं, पायाखाली जिवंत काळा तोर्पेदो घ्यावा आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईस्तोवर हलू नये. तिबेरियस बादशहाच्या एका मुक्त गुलामाला याने आराम पडला, अशीही नोंद तो करतो. वाळूत उभ्या त्या माणसाकडे नीट पाहा. त्याच्या पायाला घट्टा पडलेला नाही. त्याने काही केलेलं नाही, त्याला काही येऊ लागलेलं नाही. बाहेरून एक झटका आला, पुन्हा आला, आणि पाय आपला राहिला नाही. मासा बाजूला केला की थोड्या वेळात पाय परत आपला.

घट्टा पडतो तो राबणाऱ्या हाताला. बधिरता येते ती झटके खात जागच्या जागी उभं राहिलेल्याला. घट्टे पडलेल्या हाताला स्पर्श कळतो. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणाऱ्या बाईला ती कुठे भाजली आणि कुठे कच्ची आहे हे बोटांनाच समजतं. बधिर हाताची गोष्ट निराळी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांचा अभ्यास करून दाखवलं की बोटं रोगाने ‘झडत’ नाहीत. वेदना कळत नाही म्हणून हात भाजतो, कापतो, चिघळतो, आणि रोगी तो तसाच वापरत राहतो. बोटं जातात ती या जखमांनी. निबर हात स्वतःला वाचवतो, सुन्न हात स्वतःला संपवतो. या दोघांना एकाच शब्दात बसवणाऱ्या वादातून शहाणपण निघणार तरी कसं?

आता रस्त्यावरच्या बघ्याकडे येऊ. त्याचं मन टणक झालं म्हणून तो पुढे होत नाही, ही समजूत जुनी आहे आणि तिला तपासूनही पाहिलेलं आहे. १९६४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी पाहिलं आणि कुणी काही केलं नाही, अशी बातमी छापून आली आणि महानगर निर्दय झाल्याचा गजर जगभर झाला. तो ३८ चा आकडा फुगवलेला होता, हे पुढे उघड झालं. पण त्या गजरामुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला आणि तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून आपसात फक्त ध्वनियंत्रावरून बोलू दिलं. मध्येच एकाला फेफरं आल्याचा आवाज ऐकवला. तो आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं त्यांतल्या ८५ टक्क्यांनी फेफऱ्याचा आवाज थांबण्याआधीच धावत जाऊन कळवलं. आणखी चौघं ऐकत आहेत असं ज्यांना वाटलं त्यांतल्या ३१ टक्क्यांनीच. आकडे सगळे सांगतात. त्यामागची गोष्ट कमी जण सांगतात: जे उठले नाहीत त्यांच्या खोलीत संशोधक गेले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते आणि त्यांनी आधी विचारलं, तो बरा आहे ना? यात निबर कोण आहे? ही तर घट्टा नसलेली मऊ मनं होती, झटक्याने जागीच खिळलेली.

आपल्याकडे या खिळण्याला आणखी एक कारण आहे, आणि त्याची पाळंमुळं मनापेक्षा पोलिस ठाण्यात आहेत. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत, अपघातग्रस्ताला मदत करायला कचरणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोकांनी कायद्याचा ससेमिरा हे कारण दिलं. कोर्टाच्या फेऱ्या, साक्षीचे समन्स, रुग्णालयात ‘पैसे कोण भरणार’ हा पहिला प्रश्न. त्या संस्थेच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या सूचनांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. लोक निबर आहेत असं मानून प्रवचनं देत बसलो असतो तर हे झालं नसतं. लोक घाबरून गोठलेले आहेत हे कुणी तरी ओळखलं, म्हणून झालं. समाजाचं अंतःकरण पाझरावं म्हणून आळवणी करणाऱ्यांपेक्षा मला हे लोक अधिक सहृदय वाटतात.

डॉक्टरांची गोष्ट उलटी आहे. त्यांच्याकडून टणकपणा मागितला गेला आहे, आणि तो मागणारे क्रूर नव्हते. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सुस शस्त्रवैद्य कसा असावा ते सांगतो. तो तरुण असावा, हात स्थिर असावा, डावाही उजव्याइतकाच चालावा, मन निधडं असावं. दयाळू असावा तो रोग्याला बरं करण्याची इच्छा धरण्यापुरता. पण त्याच्या किंकाळीने हलून गरजेपेक्षा घाई करू नये किंवा हवं त्याहून कमी कापू नये. गुंगीचं औषध नसलेल्या काळातलं हे वाक्य आहे. रोग्याला चौघांनी दाबून धरलेलं, तो ओरडतो आहे, आणि वैद्याचं मन विरघळलं तर सडका भाग आतच राहणार. अठराव्या शतकात लंडनमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवणारा विल्यम हंटर विद्यार्थ्यांना सांगायचा, की शवविच्छेदनाने डोक्याला ज्ञान मिळतं, हाताला दिशा मिळते आणि हृदयाला एका आवश्यक अमानुषतेची सवय होते.

पण सवय झाली म्हणजे हृदय मेलं का? ३० सप्टेंबर १८११ ला पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन कापून काढण्यात आला, भूल न देता. शस्त्रक्रिया करणारा डॉमिनिक लारे नेपोलियनच्या सैन्याचा शल्यविशारद होता. रणांगणावर हातपाय कापण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बर्नीच्या तोंडावर पातळ रुमाल टाकलेला होता आणि त्यातून तिला पोलादाची लकाकी दिसली. नंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने सगळं सांगितलं आहे, पातं हाडाला खरवडत होतं तेसुद्धा. सगळं संपल्यावर तिने डोळे उघडले तेव्हा लारे तिच्याइतकाच पांढराफटक पडला होता, चेहऱ्यावर रक्ताचे ओघळ होते आणि त्यावर दुःख, काळजी आणि जवळजवळ भयच उमटलेलं होतं. युरोपातला सर्वांत सरावलेला हात, आणि त्यामागे हा चेहरा. काम मात्र त्याने अर्धवट सोडलं नाही. फॅनी बर्नी त्यानंतर २८ वर्षं जगली. लारेच्या मनाला घट्टा नसता तर ती जगली नसती, आणि तो घट्टा सुन्नपणा असता तर तिला तो चेहरा दिसला नसता.

वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांनी १ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या निरोपाच्या भाषणात नव्या डॉक्टरांना हेच सांगितलं, आणि कल्लोसुसवरून आलेलाच इंग्रजी शब्द वापरून. रोजच्या कामात त्यांना असा टणकपणा श्रेयस्कर वाटत होता, जो घडवायच्या भल्याचाच विचार करतो. पण पुढेच त्यांनी बजावलं, की ही बोथटपणाची मात्रा जपून घ्या, माणूस ज्यावर जगतो ते हृदय टणक होऊ देऊ नका. ऑस्लरचा पहिला अर्धा भाग एका पक्षाने उचलला आहे आणि दुसरा दुसऱ्याने. दोन्ही अर्धे एकत्र धरायचं अवघड काम कुणालाच नको आहे.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला रोमचाच. ज्या समाजाने हे बारीक भेद केले तोच समाज रिंगणात माणसं मरताना पाहून टाळ्या पिटत होता. रोमन तत्त्वज्ञ सेनेका एकदा दुपारच्या वेळी विरंगुळ्यासाठी तिथे गेला. चिलखत नसलेल्या कैद्यांना एकमेकांना मारायला लावलं जात होतं. मित्राला पत्रात तो लिहितो, मी अधिक क्रूर आणि अमानुष होऊन परतलो, कारण मी माणसांत जाऊन आलो. मग पाहण्याने मन टणक होतं, हे सिद्धच झालं ना? ते तितकं सरळ नाही. संत ऑगस्टीनने आपल्या अलिपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे. त्याला असल्या खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेलं तर तो डोळे गच्च मिटून बसला. गर्दीचा प्रचंड गलका झाला, कुतूहलाने डोळे उघडले, रक्त दिसलं, आणि तो त्या रक्ताने झिंगला. पुन्हा पुन्हा जाऊ लागला, इतरांनाही नेऊ लागला. या माणसाला कमी जाणवत नव्हतं, भलतंच जास्त जाणवत होतं. बसून पाहणाऱ्याला नशा चढते किंवा तो गोठतो. घट्टा त्याला पडत नाही, कारण त्याचा हात कशालाच लागलेला नसतो.

दुसरा आक्षेप याहून भयानक आहे, कारण तो कामाबद्दलच आहे. ४ ऑक्टोबर १९४३ ला पोझनानमध्ये हाइनरिश हिमलरने, आपण प्रमुख असलेल्या एसएस या नाझी संघटनेच्या अधिकाऱ्यांपुढे, ज्यूंच्या संहाराबद्दल भाषण केलं. शंभर प्रेतं, पाचशे प्रेतं, हजार प्रेतं एकत्र पडलेली पाहूनही आपण सभ्य राहिलो, याने आपल्याला कठोर बनवलं, असं तो अभिमानाने म्हणाला. म्हणजे कामातून येणारा टणकपणा खाटकाचाही असू शकतो, नव्हे, खाटीक त्या टणकपणाची आरती ओवाळतो. मी हे नाकारत नाही. पण इतिहास त्या भाषणावर थांबत नाही. प्रत्यक्ष गोळ्या घालणाऱ्या तुकड्यांना दारू पुरवली जात होती. आणि गोळ्यांकडून विषारी वायूकडे वळण्यामागे मारेकऱ्यांच्या मनावर येणारा ताण हेही एक कारण होतं. म्हणजे हिमलर मिरवत होता तो टणकपणा त्याच्या माणसांना पुरत नव्हता. त्यांना दारू लागली, अंतर लागलं, भिंत आणि यंत्र लागलं. त्या यंत्रणेने माणसांचे हात कामापासून दूर केले, त्यांना काही जाणवू नये म्हणून. ती सुन्नपणाचीच व्यवस्था होती.

तरीही या उत्तराने आक्षेप पुरता मिटत नाही, आणि इथे सेल्सुसकडेच परत जावं लागतं. कल्लोसुस हा शब्द तो नालव्रणासाठी वापरतो: खोल, अरुंद आणि आतून टणक झालेली जखम. तिथला घट्टा वाईट, कारण तो जखमेच्या आत आहे. तो असेपर्यंत जखम भरत नाही, म्हणून तो काढावा लागतो. मोडलेलं हाड जिथे सांधतं तिथल्या जोडालाही वैद्यकात कॅलसच म्हणतात, आणि मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्याचं नाव कॉर्पस कॅलोसम, घट्ट्यासारखं टणक अंग. मेंदूच्या दोन अर्ध्यांचं बहुतेक बोलणं त्याच्यातूनच चालतं. तेव्हा टणकपणा चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. टणकपणा कुठे आहे आणि त्यामागे हात काय करतो आहे, हे विचारायला हवं. लारेचा टणकपणा पात्यापाशी होता. हिमलरला तो जखमेच्या आत हवा होता, माणूस माणसाला ओळखतो त्याच जागी.

तिसरा आक्षेप आजचा आहे. अमेरिकेतल्या जेफरसन मेडिकल कॉलेजात मोहम्मदरेझा होजात आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची सहानुभूती वर्षानुवर्षं मोजली आणि २००९ मध्ये दाखवून दिलं की ती तिसऱ्या वर्षी लक्षणीय घसरते, म्हणजे नेमकी रुग्णांच्या खाटेशी गाठ पडते तेव्हा. घट्टा निरुपद्रवी असता तर हे का व्हावं? हा प्रश्न मी गंभीरपणे घेतो. पण त्या अभ्यासकांनी मांडलेली कारणं वाचावीत: अनुकरण करावं असे वरिष्ठ नाहीत, पाठांतराचा डोंगर आहे, वेळेची ओढाताण आहे. यातलं एकही कारण रुग्णसेवेच्या सरावातून आलेलं नाही. हा पायाखालचा मासा आहे. निवासी डॉक्टरांनी सलग किती काम करावं याची मर्यादा आपल्याकडे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेतच घातली होती, साधारण १२ तासांची. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन एखाद्या ज्युनियर रेसिडेंटला विचारा, सलग ड्यूटी किती तासांची होते. छत्तीस तास न झोपलेली मुलगी नातेवाइकांना दोन वाक्यांत बातमी सांगते तेव्हा तिचं मन टणक झालेलं नसतं. ते बधिर झालेलं असतं, आणि ते बधिर करणारा रोस्टर कुणी तरी सही करून भिंतीवर लावलेला असतो. तिच्याच शेजारी वीस वर्षं काम केलेली सिस्टर तीच बातमी शांतपणे सांगते, खुर्ची पुढे सरकवते, पाणी देते, कागद कुठे मिळतील ते सांगते आणि मग पुढच्या खाटेकडे जाते. दोघींच्याही डोळ्यांत पाणी नसतं. चित्रफितीत दोघी सारख्याच दिसतील.

आणि मनाला घट्टा पडला की आतलं सगळं मेलं, ही भीती खरी नाही. सिसेरोने इ. स. पू. ४६ मध्ये वारो या विद्वान मित्राला लिहिलं होतं, की सीझरच्या विजयानंतरचे प्रकार रोज पाहून माझ्या संतापावर आता घट्टा धरला आहे. आजच्या चर्चेत त्याला तेव्हाच निबर ठरवून मोडीत काढलं असतं. दोन वर्षांनी तोच माणूस सिनेटमध्ये सीझरचा सहकारी अँटनी याच्याविरुद्ध उभा राहिला आणि त्याने १४ भाषणं रचली. इ. स. पू. ४३ मध्ये ७ डिसेंबरला त्याला मारलं आणि त्याचं शिर आणि हात रोमच्या सभास्थानी टांगले. घट्ट्याखाली संताप जिवंत होता. घट्टा होता म्हणून तो तोवर टिकला, असंही मला वाटतं.

मग चित्रफिती दाखवणं थांबवावं का? बातमीतून रक्त गाळून टाकण्याची मागणी करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांना वाटतं की पाहिल्याने कातडी जाड होते. पाहणाऱ्याला त्रास होतो तो पाहून काहीच करता येत नाही याचा. प्रत्येक झटक्याबरोबर हाताला काही काम मिळालं तर तो गोठणार नाही. म्हणून माझ्या मागण्या भावनेच्या नाहीत, साध्या कारभाराच्या आहेत. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा एटकॉम हा भाग आला आहे. वाईट बातमी कशी सांगावी हे वर्गातल्या व्याख्यानाऐवजी त्या वीस वर्षांच्या सिस्टरसोबत उभं राहून शिकवावं. निवासी डॉक्टरांचे तास १९९२ च्या कागदावरून रोस्टरवर यावेत. शवागारात, रुग्णवाहिकेवर, स्मशानात राबणाऱ्यांना ‘निबर’ म्हणण्याआधी त्यांना हातमोजे, पगारी सुट्टी आणि बोलायला माणूस मिळतो का ते पाहावं. आपल्या सगळ्यांच्या वाटचं कठीण काम त्यांच्या हातांवर टाकलेलं आहे. आणि २०२० च्या नियमांनुसार मदतकर्त्याच्या हक्कांची सनद प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावर किंवा दुसऱ्या ठळक जागी स्थानिक भाषेतही लावलेली असायला हवी. आपल्या गावच्या रुग्णालयात ती मराठीत लावली आहे का, हे या आठवड्यात जाऊन पाहता येईल, आणि नसेल तर अधीक्षकांच्या नावे अर्ज देता येईल.